विश्रांतीचं बटण

बाळांनो, जरा माझ्याबरोबर एक गोष्ट मनात आणून बघा. ऑगस्ट महिना आहे, आमच्याकडचा भर उन्हाळा. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर एका खुर्चीत तुम्ही बसला आहात. समोर काच, काचेपलीकडे दुसऱ्या ट्रकचं मागचं दार, त्याच्या पुढे आणखी एक ट्रक, असे सतरा. आवारात इंजिन बंद ठेवायचं असा नियम, म्हणून गार हवा नाही. सदरा पाठीला आणि पाठ खुर्चीला चिकटली आहे. उतरून सावलीत जायचं नाही, कारण रांग कधी सरकेल ते कोणी सांगत नाही, आणि ती सरकली तेव्हा तुम्ही जागेवर नसाल तर तुमचा नंबर जातो. डोळा लावायचा नाही, तेही त्याच कारणाने. लघवीला जायचं तर फाटकाजवळच्या प्लास्टिकच्या खोपटात, धावत जायचं आणि धावत यायचं. असे चार तास. आणि या चार तासांच्या सुरुवातीला गाडीतल्या, कामाचे तास नोंदणाऱ्या यंत्रातली एक बाई फार गोड आवाजात तुम्हाला सांगते, "विश्रांती सुरू झाली." आलं मनात? आता मला सांगा, तुम्हाला त्या बाईचा राग येईल की नाही? इसोझाकी नावाच्या ट्रकड्रायव्हरला येत नसे. दोन वर्षं तो रोज तिचं ऐकत होता आणि फाटकात शिरताना जसा घाम पुसायचा तसंच ते बटण दाबायचा. त्या दिवशी सकाळी पावणेदहाला मात्र त्याला राग आला, आणि आला तो इतका जुना, इतका आंबलेला निघाला, की हा आपल्या पोटात केव्हापासून होता हेच त्याला कळेना.

झालं होतं एवढंच, की त्याने सवयीने बटण दाबलं, बाई बोलली, आणि शेजारच्या खुर्चीवरची अकरा वर्षांची मिनोरी म्हणाली, "काका, मग आता आपण खाली जाऊन बसायचं का?"

"नाही."

"मग मागे पडायचं? तिथे गादी आहे."

"नाही गं. रांगेत आहोत ना आपण."

"मग विश्रांती कोणाची सुरू झाली?"

तिने हे चेष्टेने विचारलं नव्हतं. तिच्या शाळेत कोणी न समजणारं गणित घातलं तर ती जशी विचारील तसंच विचारलं होतं. इसोझाकीने थर्मासमधला जवाचा गार चहा झाकणात ओतून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, पण उत्तराची वाट बघत ती त्याच्याकडेच पाहत राहिली. तिचे डोळे बापाचे होते. इसोझाकीच्याच कंपनीत ड्रायव्हर असलेला तोकुमारूसुद्धा असाच बघायचा, पापण्या न हलवता, समोरच्याने काहीतरी खरं बोलावं म्हणून. गेल्या वर्षी जूनमध्ये याच आवारात, याच रांगेत, आपल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर डोकं ठेवून तोकुमारू मेला. छातीत कळ आली असणार, असं डॉक्टर म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांचा होता. कामगार कचेरीने त्याच्या गाडीतलं यंत्र मागवून घेतलं, त्यातल्या नोंदी काढल्या आणि त्याच्या बायकोला कळवलं की मृत्यू विश्रांतीच्या वेळेत झाला आहे, मृत्यूपूर्वीच्या महिन्यांत विश्रांतीही भरपूर मिळालेली दिसते, सबब हा कामामुळे आलेला मृत्यू धरता येत नाही. भरपूर. हा शब्द त्या पत्रात होता. तोकुमारूच्या बायकोने, नाओएने, पत्र इसोझाकीपुढे ठेवलं होतं आणि त्या शब्दाखाली नखाने रेघ ओढली होती.

तिने फेरतपासणीचा अर्ज केला होता. त्याला कोणाचीतरी लेखी साक्ष हवी होती: त्या रांगेत काय चालतं आणि ते बटण का दाबलं जातं, हे ठाऊक असणाऱ्याची, नाव-पत्ता घालून, सही-शिक्क्यानिशी. शुक्रवार ही शेवटची तारीख होती, आणि आज बुधवार होता. कंपनीतल्या बावीस ड्रायव्हरांपैकी एकवीस जणांनी आधीच मान खाली घातली होती. नाओए जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात कामाला जाते, पहाटे पाचपासून सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहून भातावर खारवलेलं एकेक आलुबुखार ठेवते. परवा ती इसोझाकीच्या दारात आली तेव्हा आतही आली नाही. "इसोझाकी-सान, लिहून द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाली. "मी पुन्हा विचारायला येणार नाही. पण शाळेला सुट्टी आहे. मिनोरीला एकदा तुमच्याबरोबर न्या. तिला बघायचंय, बाबा काय करायचे ते." गाडीत परकं माणूस बसवायला बंदी आहे. तरी तो हो म्हणाला, कारण एका गोष्टीला हो म्हणायचं धैर्य होत नाही, तेव्हा माणूस दुसरीला हो म्हणून टाकतो. वाटलं होतं, पोरगी येईल, समुद्र बघेल, चोशी बंदरातून निघताना बोटी बघेल, वाटेत आइस्क्रीम खाईल, संपलं.

पुढचा ट्रक एक जागा सरकला. इसोझाकीने इंजिन चालू करून गाडी बारा मीटर पुढे घेतली आणि बंद केली. तेवढ्यात गार हवेची एक झुळूक आली आणि गेली. बाई काही बोलली नाही. बारा मीटरपर्यंत ती गप्प बसते. तिच्या दृष्टीने माणूस विश्रांती घेता घेता बारा मीटर चालू शकतो.

हे त्याला ठाऊक होतं, कारण ते त्यानेच शोधून काढलं होतं. इथेच खरी मेख होती. नवा कायदा आला तेव्हा टीव्हीवर कोट घातलेली माणसं सांगत होती, आता ड्रायव्हरांचे जादा तास कमी होणार, ते घरी जाणार, पोराबाळांत बसणार. कोणी विचारलं नव्हतं, की तास कमी झाले तर पगाराचं काय, आणि माल तेवढाच, गोदामं तेवढीच, रांगा तेवढ्याच, मग तास जाणार कुठे. कंपनीच्या कुवाबारासाहेबांनी सगळ्यांना आवारात उभं करून एवढंच म्हटलं, "फाटकात पोचलात की विश्रांती. समजदाराला इशारा पुरे." ड्रायव्हरांनी एकमेकांकडे पाहिलं. मूळ पगार त्यांचा नावापुरता, पोट भरायचं ते खेपांवर. 'थांबलो आहे' असं बटण यंत्रावर होतं, पण ते दाबलं तर तो वेळ कामात धरला जातो, महिन्याच्या वीस तारखेलाच कायद्याने दिलेले तास संपतात आणि उरलेले दहा दिवस घरी बसायचं. मग इसोझाकी, सगळ्यांत जुना, सगळ्यांत शहाणा, एकेकाच्या गाडीत चढून शिकवत गेला: हे बघ, इथे दाबायचं, एवढ्या अंतरापर्यंत गाडी हलवलीस तरी चालतं, माल उतरवायला लागलास तरी बदलायचं नाही. त्याला त्यात आपण कोणावर उपकार करतो आहोत असंच वाटत होतं. कायद्याला बगल देऊन पोरांच्या ताटातला घास वाचवतो आहोत. तोकुमारू तेवढा अडून बसला होता.

"पण इसोझाकी-सान, मी विश्रांती घेत नाहीये."

"मग घे की. तुला कोणी धरलंय?"

सगळे हसले होते. तोकुमारूही हसला होता, जरा उशिरा. आणि दुसऱ्या दिवसापासून बटण दाबायला लागला होता. आता त्या हसण्याची आठवण आली की इसोझाकी रेडिओचा आवाज वाढवी. मग तो कुवाबारावर चिडे, गोदामावर चिडे, टीव्हीवरच्या कोटवाल्यांवर चिडे, दोन दिवसांत घरपोच बांगडा मागवणाऱ्या साऱ्या शहरावर चिडे, आणि ही सगळी चीड फिरून फिरून गोल चक्कर मारून त्याच्या स्वतःच्या दारात येऊन बसे, आणि तिथून मात्र उठत नसे.

मिनोरीचा चेहरा लाल झाला होता. नाकावर घामाचे थेंब होते, पण ती तक्रार करत नव्हती, तेही बापाचंच. इसोझाकीने इंजिन चालू केलं आणि गार हवा पूर्ण सोडली. मिनिटभरात फाटकावरचा म्हातारा पहारेकरी, हातात लाल झेंडी, खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"इंजिन."

"पोर आहे आत. भाजतंय तिला."

"पोर आत आहे हेसुद्धा नियमात बसत नाही. ते मी पाहिलेलं नाही. इंजिन मात्र ऐकू येतंय मला."

"तुमच्या खोलीत यंत्र चालू आहे ना गार हवेचं?"

"आहे ना. मी गोदामाचा माणूस आहे." म्हातारा हसला, दात पिवळे होते. "तीस वर्षं मीही चालवली गाडी. तेव्हा तुमच्यासारखाच बोलायचो. बंद करा, नाहीतर तुमचा नंबर शेवटी टाकायला लावतील मला."

इसोझाकीने इंजिन बंद केलं. मिनोरीने खिडकीतून खाली वाकून म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, त्या बाजूच्या सावलीत उभं राहिलं तर चालेल?" म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग कुठेतरी दूर, आणि झेंडी काखेत मारून निघून गेला. इसोझाकीला वाटलं, उतरावं आणि त्याची मानगूट धरावी. मग वाटलं, याची का? याने काय केलं? यालाही कोणीतरी एक बटण दिलं असेल. आणि हा विचार, हे समजून घेणं, याचाच त्याला सगळ्यांत जास्त राग आला. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं. गोदामवाल्याचीही अडचण असते, कंपनीचीही असते, गिऱ्हाईकाचीही असते. अडचण नव्हती ती फक्त खुर्चीत बसलेल्याला. त्याची विश्रांती चालू होती.

रांग सरकली, थांबली, सरकली. भाताचे गोळे खाऊन झाले. मिनोरीने विचारलं, बाबा या रांगेत काय करायचे, आणि इसोझाकीने सांगितलं, कधी रेडिओवर बेसबॉल ऐकायचे, कधी तुझ्या शाळेच्या गमती सांगायला फोन करायचे मला मागच्या गाडीत. "म्हणजे तुम्ही त्यांच्या मागे असायचात?" तिने विचारलं. तो म्हणाला, कधी मागे, कधी पुढे. आणि खिडकीबाहेर बघायला लागला, कारण त्या जूनच्या दिवशी तो मागेच होता. नंबर पुकारला गेला होता. तोकुमारूच्या पुढे एक जागा रिकामी झाली होती आणि त्याचा ट्रक हलत नव्हता. मागून बाकीचे अस्वस्थ व्हायला लागले होते. एकाचा नंबर चुकला की मागच्या पाचांचा खोळंबा. ड्रायव्हर ड्रायव्हरवर हॉर्न मारत नाही. रांगेत तर नाहीच. पण इसोझाकीने मारला. झोपला वाटतं लेकाचा, असं म्हणत मारला. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, लांब, चिडून. आणि मग उतरून गेला. नाओएला त्याने सांगितलं होतं, मी लगेच धावत गेलो. 'लगेच' हा शब्द तेव्हापासून तो कुठेही वापरत नव्हता.

दीड वाजता त्यांचा नंबर लागला. ट्रक धक्क्याला पाठमोरा लावून इसोझाकीने हातमोजे चढवले. आठशे साठ खोकी, प्रत्येकात बांगड्याचे डबे, प्रत्येक दहा किलोचं. यंत्राने उचलता येतील अशी ती लाकडी फळ्यांवर रचून आणली तर गाडीत निम्मीच मावतात, म्हणून एकावर एक छतापर्यंत नुसती रचून आणायची, आणि इथे गोदामाच्या फळ्यांवर हाताने उतरवून, तारखेप्रमाणे वेगळी करून, लेबल बाहेरच्या बाजूला येईल अशी पुन्हा रचायची. हे काम कोणाचं, हे कुठे लिहिलेलं नाही. मिनोरी धक्क्याखाली ट्रकच्या सावलीत उभी राहून बघत होती. वर याझावा नावाचा गोदामाचा तरुण माणूस पाटीवर खुणा करत होता. गेली सहा वर्षं आठवड्यातून तीनदा ते एकमेकांना भेटत होते, पण याझावाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. लागतही नव्हतं; 'ड्रायव्हर-सान', म्हणजे ड्रायव्हरसाहेब, एवढ्यात भागायचं.

"ड्रायव्हर-सान, लेबल बाहेर. परवा कोणीतरी उलटी लावली, आमच्या लोकांना त्रास झाला."

"हो."

"ड्रायव्हर-सान, हे खोकं परत. कोपरा दबलाय."

"पुठ्ठा आहे तो. आतला डबा पत्र्याचा आहे, त्याला काही झालेलं नाही."

"डबा कोण बघतंय? बघतात ते खोकं."

तासाभरात अशी दोन खोकी परत झाली. ती ड्रायव्हरने विकत घ्यायची असतात. इसोझाकी ती गाडीत ठेवायला खाली आला तेव्हा मिनोरीने खोक्यावरचं निळ्या माशाचं चित्र ओळखलं. "हाच बांगडा," ती म्हणाली. "आमच्याकडे कपाटभर असायचा. आई ओरडायची, किती आणता म्हणून. बाबा म्हणायचे, मला आवडतो." तिने त्या दबलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "त्यांना आवडायचा ना, काका?" इसोझाकी म्हणाला, "नाही गं. वासही सहन व्हायचा नाही त्याला."

पावणेचारला शेवटचं खोकं लागलं. याझावा पावती घेऊन खाली आला. काम संपलं की तो जरा मोकळा बोलायचा, स्वभावाने वाईट नव्हता. त्याने मिनोरीकडे पाहिलं.

"नात का?"

"नाही."

"पुढच्या वेळी नका आणू हं. काही झालं तर आमच्यावर येतं. गेल्या वर्षी तुमच्यातलाच एक जण रांगेत झोपला तो उठलाच नाही, आठवतंय ना? दीड तास फाटक बंद. चौकशी, कागद, काय विचारू नका."

आवारात कुठेतरी माल उचलणारं यंत्र मागे येत होतं, त्याची पिप् पिप् ऐकू येत होती. राग असा वर येईल, हात असे उठतील, असं इसोझाकीला वर्षभर वाटत आलं होतं. पण हात उठेनात. आठशे साठ खोक्यांनी त्यांत काही शिल्लक ठेवलं नव्हतं. नुसते लटकत होते.

"तो झोपला नव्हता," तो म्हणाला.

"म्हणजे... यंत्रात तर विश्रांती होती म्हणे. सरकारी कागदावरच आहे तसं."

"यंत्रात मी घातली ती. मी शिकवलं त्याला. तो नको म्हणत होता. तोकुमारू नाव होतं त्याचं. मी आता चार तास बाहेर बसलो आणि दोन तास तुझी खोकी लावली, मघापासून माझीसुद्धा विश्रांतीच चाललीय. जा, माझ्या गाडीत जाऊन ऐक त्या यंत्रातल्या बाईला."

याझावाने पावती पुढे केली. "माझ्या हातात काय आहे, ड्रायव्हर-सान," तो हळू म्हणाला.

"इसोझाकी."

"काय?"

"माझं नाव. आणि ही त्याची मुलगी."

याझावाने टोपी काढली. काय करावं हे न सुचून तो कमरेत वाकला, बराच वेळ वाकून राहिला. मिनोरीने उलट नमस्कार केला नाही. ती ट्रकच्या पायऱ्या चढली, आपल्या खुर्चीवर न बसता मागच्या गादीवर गेली आणि तिने पडदा ओढून घेतला.

महामार्गावर चढण्यापूर्वी एक गाडीतळ आहे. इसोझाकीने ट्रक तिथे घेतला. इंजिन चालूच ठेवलं, गार हवा चालू ठेवली. पडद्यामागून मिनोरी काही विचारील म्हणून तो वाट बघत होता. पण विचारायचं ते तिने सकाळीच विचारलं होतं. आपल्याला काढतील, हे त्याला ठाऊक होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरं कोणी घेणार नाही, हेही. बाकीचे एकवीस जण म्हणतील, म्हाताऱ्याने आमच्या खेपा घालवल्या, आणि ते खोटंही नसेल. या प्रत्येक गोष्टीची त्याने वर्षभर मनात उजळणी केली होती. फक्त त्या उजळणीत हा पडदा नव्हता.

त्याने कप्प्यातून साक्षीचा कागद काढला आणि समोरच्या फळीवर ठेवला. पेन बोटांत धरवेना. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी कागदाबाहेर. गार हवेने कागद उडे, तो डाव्या हाताने दाबायला जाई तर डावाही थरथरे. तरी त्याने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, किती वर्षं नोकरी ते लिहिलं; पहिलीतल्या पोराचं असावं तसं अक्षर. रांग किती तासांची, माल कोण उतरवतं, साहेबांनी आवारात काय सांगितलं. कागद पुन्हा उडाला.

पडदा सरकला. मिनोरी पुढे येऊन आपल्या खुर्चीवर गुडघ्यांवर बसली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. दोन्ही तळहात पसरून तिने कागद फळीवर घट्ट दाबून धरला.

तो लिहीत राहिला. विश्रांतीचं बटण दाबायला तोकुमारूला मी शिकवलं, त्याची तयारी नव्हती, मी सगळ्यांदेखत त्याला हसलो. अक्षर पडेल तसं ती वाचत होती. तिचे ओठ हलत होते. इथे साक्ष पुरी झाली असती. कचेरीला एवढं पुरे होतं. त्याने पेन उचललं. तिने हात उचलले नाहीत.

मग त्याने लिहिलं: त्या दिवशी मागच्या गाडीत मी होतो. तो मेलेला असताना मी त्याच्यावर तीनदा हॉर्न वाजवला आणि मग उतरलो.

तो थांबला. ती वाचत होती हे त्याला तिच्या श्वासावरून कळत होतं. मग वाचून झालं हेही कळलं. आता ती दार उघडून खाली उतरेल, असं त्याला वाटलं. उतरली असती तर त्याने तिला अडवलं नसतं. पण कागदाची पुढची ओळ तिच्या हाताखाली झाकली गेली होती. मिनोरीने तळहात एक ओळ खाली सरकवला आणि पुन्हा दाबून धरला.